एका यंत्रातील अनेक बिऱ्हाडे

जुन्या वाड्यांतून सहा-सहा बिऱ्हाडे नांदत असत. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळे, दारावरची पाटी निराळी. टपालही ज्याच्या त्याच्या नावाने येई. वाड्याचा पाया, छपराचे आढे, आडाचे पाणी आणि माडीवर जाण्याचा जिना मात्र सर्वांचा एकच. बिऱ्हाडकरूने या गोष्टीची रोज आठवण ठेवावी असे काही कारण नव्हते. ती आठवण वाड्याच्या मालकाने ठेवावयाची असे. आजच्या संगणकविद्येत ज्यास ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र म्हणतात, त्याचा संसार पुष्कळसा याच धर्तीवर चालतो. खाली लोखंडाचे आणि सिलिकॉनचे एकच खरे यंत्र असते; त्याला यजमान किंवा ‘होस्ट’ म्हणतात. त्याच्यावर ‘हायपरवायझर’ नावाच्या एका आज्ञावलीची सत्ता चालते, आणि तिच्या आश्रयाने दहा, वीस, प्रसंगी पन्नास पाहुणी यंत्रे एकाच वेळी आपापली कामे करीत असतात. त्यांपैकी प्रत्येकाची समजूत अशी, की हा प्रोसेसर आपला, ही स्मृती आपली, ही डिस्क आपली, आणि या घरात आपल्यावाचून दुसरे कोणी राहत नाही.

ही समजूत खोटी आहे, पण ती फार उपयोगाची आहे. तो उपयोग ध्यानी येण्यासाठी सन २००० च्या सुमाराची एखाद्या कारखान्यातील सर्व्हरची खोली डोळ्यांपुढे आणावी. पगारपत्रकाचा एक सर्व्हर, ई-मेलचा दुसरा, कोठाराच्या हिशेबाचा तिसरा, आणि कोपऱ्यात एक असा, की तो कशासाठी चालू आहे हे कोणालाच सांगता येत नाही, पण बंद करण्याचे धैर्यही होत नाही! एकाच यंत्रावर दोन आज्ञावल्या ठेवल्या की त्यांची भांडणे जुंपत. एकीला ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी आवृत्ती हवी, तर दुसरीला नवी. एकीने स्मृती बळकावली की दुसरीचा श्वास कोंडे. म्हणून व्यवस्थापकांनी एक सरळ नियम करून टाकला होता : एका कामाला एक यंत्र. परिणाम असा झाला, की खोली यंत्रांनी भरली, विजेवर आणि थंड हवेवर पैसा जाऊ लागला, आणि यंत्रे मात्र बहुतेक वेळ स्वस्थ बसून राहिली. पगाराचे यंत्र महिन्याच्या अखेरीस दोन दिवस धावपळ करी आणि उरलेले दिवस नुसते ऊब देत उभे असे. आभासी यंत्रांनी हा प्रकार पालटला. अशा रिकामटेकड्या यंत्रांची कामे एकाच यंत्रात, तरीही आपापल्या भिंतींआड, नांदू लागली. आणि नवे यंत्र मागवून त्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याऐवजी ते तयार साच्यावरून काही मिनिटांत उभे करता येऊ लागले.

गंमत अशी, की ही युक्ती त्या गरजेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी एक वैज्ञानिक केंद्र काढले. मोठी गणकयंत्रे त्या काळी अतोनात महाग होती, आणि एका वेळी एकाचेच काम घेणारे यंत्र अनेकांमध्ये वाटून कसे द्यावे, हा प्रश्न सर्वत्र चर्चिला जात होता. केंद्रातील रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी यांनी एक धीट उत्तर काढले. यंत्राचा वेळ वाटून देण्याऐवजी प्रत्येकाला अख्खे यंत्रच द्यावे, अर्थात भासमान! ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतील ‘मॉडेल ४०’ या यंत्रात थोडा फेरफार करून त्यांनी सी. पी.–४० नावाची आज्ञावली रचली, आणि १९६७ च्या जानेवारीत ती रोजच्या वापरात आली. तिच्यावर १४ आभासी यंत्रे चालू शकत. प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती दिलेली असे. खऱ्या यंत्राजवळ एकूण स्मृती किती? तीही २५६ किलोबाइटच! चौदा जणांना अख्खा वाडा लिहून दिलेला, आणि वाडा तर एकच.

यात फसवणूक नव्हती, हिशेब होता. स्मृतीचे लहान लहान तुकडे, ज्यांना संगणकाच्या भाषेत ‘पाने’ म्हणतात, ते पाडायचे. ज्या पानाची या क्षणी गरज आहे तेवढेच खऱ्या स्मृतीत ठेवायचे, आणि उरलेली पाने बाजूला संथ साठवणीत नेऊन ठेवायची, ही कल्पना इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘ॲटलस’ यंत्राने १९६२ साली सिद्ध करून दाखविली होतीच. केंब्रिजच्या मंडळींनी तीच अख्ख्या यंत्राला लावली. पुढे सी. पी.–६७ आली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी कंपनीने व्ही. एम.–३७० जाहीर केली. तिचे वंशज मोठमोठ्या संस्थांच्या यंत्रांवर आजही राबत आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला त्या काळी ‘सुपरवायझर’ म्हणजे पर्यवेक्षक म्हणत. त्या पर्यवेक्षकांवरही जी देखरेख करते ती ‘हायपरवायझर’, असे हे नाव पडले.

पाहुण्याला फसवायचे, पण त्याचा वेग तर मंदावू द्यायचा नाही, हे साधते कसे? प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचे स्थूलमानाने दोन वर्ग असतात. बेरीज कर, तुलना कर, ही संख्या तिकडे ठेव, या साध्या आज्ञा. त्या पाहुण्याने थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवाव्यात, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. दुसरा वर्ग अधिकाराच्या आज्ञांचा : यंत्र थांबव, स्मृतीच्या पानांचा नकाशा बदल, डिस्कशी बोल. पाहुण्याने अशी आज्ञा दिली, की प्रोसेसर तिथेच थबकतो आणि हायपरवायझरला हाक मारतो. हायपरवायझर ती आज्ञा त्या पाहुण्याच्या आभासी यंत्रापुरती पाळल्यासारखी करतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. पाहुणा ‘यंत्र बंद कर’ म्हणाला, तर त्याचे स्वतःचे जग मावळते; शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली या व्यवहाराला गणिती रूप देऊन तीन अटी घातल्या. पाहुण्याला खऱ्या यंत्रासारखेच वाटले पाहिजे. त्याच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थावाचून चालल्या पाहिजेत. आणि यंत्राच्या साधनसामग्रीवरील ताबा क्षणभरही हायपरवायझरच्या हातून सुटता कामा नये.

ज्या प्रोसेसरांनी पुढे सारे जग व्यापले, ते इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर मात्र या अटी पुऱ्या करीत नव्हते. २००० साली रॉबिन आणि अर्व्हाइन या दोन संशोधकांनी पेंटियमच्या सर्व आज्ञा एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांना अशा १७ आज्ञा आढळल्या, की ज्या अधिकाराच्या क्षेत्रात लुडबूड करतात, पण हायपरवायझरला हाक मात्र मारीत नाहीत. त्यांतली एक मोठी नमुनेदार होती. प्रोसेसरची निशाणे पूर्वस्थितीवर आणणे हे तिचे काम. ‘या घटकेस मध्येच कोणी हाक मारू नये’ हे निशाणही त्यांतलेच. अधिकार नसलेल्याने ती आज्ञा दिली, तर प्रोसेसर तेवढे एक निशाण जागच्या जागी ठेवी, बाकीची बदली, आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे जाई. उघड नकार परवडला. मुकाट्याने अर्धेच काम करणारा नोकर मात्र घर बुडवतो.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंडेल रोझेनब्लम, डायन ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली आणि १९९९ साली आपली पहिली आज्ञावली विक्रीस आणली. तिच्यात एक दुभाषी बसविलेला होता. पाहुण्याच्या गाभ्यातील आज्ञा चालण्याच्या अगोदर तो वाची, आणि धोक्याची आज्ञा दिसली की तिच्या जागी निरुपद्रवी आज्ञांचा संच घाली. दुसरी वाट निघाली ती केंब्रिजमधूनच, पण या वेळी इंग्लंडातल्या केंब्रिजमधून. तेथील विद्यापीठात तयार झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन’ने पाहुण्याची ऑपरेटिंग सिस्टिमच थोडी बदलून घेतली. ‘तू पाहुणा आहेस, तेव्हा अधिकाराचे काम असले तर सरळ येऊन माग,’ असे तिला शिकविले. पुढे इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि ए. एम. डी.ने २००६ साली प्रोसेसरमध्येच ही सोय करून दिली, तेव्हा ती सतरा आज्ञांची अडचण संपली. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात ‘के. व्ही. एम.’ हा भाग दाखल झाला, आणि कोणतेही लिनक्सचे यंत्र फुकटात यजमान होऊ लागले.

असो. हा सारा आटापिटा पाहुण्याचा आभास टिकविण्यासाठी झाला. होस्टची राखण करणाऱ्या व्यवस्थापकाने मात्र त्या आभासावर विश्वास ठेवावयाचा नसतो. व्यवस्थापनात जे अपघात घडतात, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी पाहता हीच गोष्ट सापडते, की पाहुण्यासाठी रचलेली समजूत यजमानाने स्वतःचीही करून घेतली.

स्मृतीचेच पाहा. समजा, एका मध्यम आकाराच्या संस्थेने तीन होस्ट घेतले आणि प्रत्येकात २५६ गिगाबाइट स्मृती बसविली. बेरीज ७६८ होते. नवशिक्या व्यवस्थापकाला वाटते, ७६८ गिगाबाइटांचे पाहुणे खुशाल बसतील. बसतातही. पण एखाद्या रात्री एक होस्ट निकामी झाला, की उरलेल्या दोघांजवळ ५१२ गिगाबाइट राहतात. त्यातून हायपरवायझरची स्वतःची गरज आणि थोडी मोकळी जागा वजा केली, की हिशेब ४८० च्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे तीन होस्टच्या घरात पहिल्या दिवसापासून एक तृतीयांशाहून अधिक जागा रिकामी ठेवायची. वरिष्ठांना ती उधळपट्टी वाटते, आणि दर वर्षी कोणी तरी विचारतेच, की एवढी जागा रिकामी आहे तर हे चार पाहुणे तेथे का बसवीत नाही? हे उत्तर होस्ट विकत घेतानाच कागदावर लिहून, सही करून ठेवलेले बरे. नंतर तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

स्मृतीची तंगी झालीच, तर करावे काय, याचे एक सुंदर उत्तर व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्ड्स्पर्गर यांनी २००२ साली मांडले. अडचण अशी, की पाहुण्याच्या कोणत्या पानांचे मोल अधिक, हे हायपरवायझरला बाहेरून कळत नाही. ते पाहुण्यालाच ठाऊक. मग प्रत्येक पाहुण्याच्या घरात एक लहानसा हस्तक बसवावयाचा, त्याचे नाव ‘फुगा’. तंगी आली, की हायपरवायझर या हस्तकाला फुगण्यास सांगतो. तो पाहुण्याकडे स्मृती मागू लागतो. पाहुणा आपली सर्वांत निरुपयोगी पाने मोकळी करून त्याला देतो. आणि हस्तक ती गुपचूप हायपरवायझरच्या हवाली करतो. अडगळ कोणती हे ज्याचे त्यालाच ठरवू दिले, म्हणून घर मोडत नाही. तथापि ही अडीअडचणीची सोय आहे. फुगे रोजच फुगलेले दिसू लागले, तर स्मृती विकत आणण्याची वेळ आली असे समजावे.

प्रोसेसरच्या बाबतीत उलट औदार्य नडते. प्रत्येक खात्याचा प्रमुख आपल्या यंत्रासाठी सोळा प्रोसेसर मागतो आणि त्याला दोन पुरत असतात. सोळा देऊन टाकावेत, त्यात काय जाते, असे वाटते. पण ज्या पाहुण्याला सोळा दिले, त्याच्या सोळांनाही खऱ्या प्रोसेसरवर जवळजवळ एकाच सुमारास जागा मिळावी लागते. तशी ती न मिळाली, तर त्याच्या आतली कामे एकमेकांची वाट पाहत खोळंबतात, आणि अधिक मागणाऱ्याचे यंत्र कमी मागणाऱ्याच्या यंत्राहून धीमे चालते. खातेप्रमुख मग चोवीस मागतो!

डिस्कची गोष्ट अधिक गंभीर आहे. पाहुण्याला एक टेराबाइट डिस्क दिली असे कागदोपत्री सांगायचे, पण प्रत्यक्षात तो जेवढे लिहील तेवढीच जागा व्यापू द्यायची, अशी सोय बहुतेक हायपरवायझरांत असते. दहा टेराबाइटांच्या साठवणीवर त्यामुळे वीस टेराबाइटांची वचने सहज देता येतात, आणि वर्ष-दोन वर्षे काहीच बिघडत नाही. मग एखाद्या रात्री एका पाहुण्याची नोंदवही वेड्यासारखी वाढू लागते आणि साठवण काठोकाठ भरते. त्या क्षणी, ज्या ज्या पाहुण्याला नवे काही लिहावयाचे असते, तो तो जागच्या जागी गोठतो. मग त्याचा अपराध असो वा नसो. आतून पाहावे तर प्रत्येकाची डिस्क निम्मी रिकामी दिसते. पाहुणा खोटे बोलत नाही. त्याला तसेच सांगितलेले असते. म्हणून साठवण किती भरली याचा इशारा होस्टच्या बाजूने लावावा, तोही शंभरावर नव्हे, सत्तर-पंचाहत्तरावर.

याच साठवणीला आतून पोखरणारी दुसरी गोष्ट म्हणजे ‘स्नॅपशॉट’. एखादी धोक्याची दुरुस्ती करण्यापूर्वी यंत्राची स्थिती जशीच्या तशी धरून ठेवता येते आणि दुरुस्ती फसली तर मागे फिरता येते. फार मोलाची सोय आहे. पण स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे. तो घेतला, की मूळ डिस्क गोठविली जाते आणि तेथून पुढचे सारे लिखाण एका वेगळ्या फाइलीत होऊ लागते. त्या क्षणापासून यंत्राचे सत्य दोन ठिकाणी विभागलेले असते, आणि मूळ डिस्क गेली तर दुसरी फाइल एकटी कुचकामाची. शिवाय ती दिवसेंदिवस वाढत जाते. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असा व्हीएमवेअरने स्वतःच सल्ला दिलेला आहे. व्यवहारात वर्षा-वर्षापूर्वीचे स्नॅपशॉट निघतात, आणि त्यांना दिलेली नावे पाहिली तर बहुधा ‘तात्पुरता’ हेच नाव असते.

आता या विद्येतील सर्वांत नवलाचा प्रकार : चालते यंत्र एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलविणे. जेवणाची पंगत चालू असताना बिऱ्हाड हलवावे आणि जेवणाऱ्याला पानातला भातही गार झाल्याचे जाणवू नये, तसे हे आहे. केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी त्याची रीत २००५ साली सविस्तर प्रसिद्ध केली. यंत्र चालूच ठेवून त्याची सगळी स्मृती जाळ्यावरून दुसऱ्या होस्टकडे पाठवावयाची. तेवढ्या वेळात यंत्राने काही पाने बदललेली असतात. दुसऱ्या फेरीत तेवढीच पाठवावयाची. तिसऱ्या फेरीत त्याहून थोडी. अशी बदललेली पाने अगदी मूठभर उरली, की यंत्र क्षणभर थांबवायचे, ती मूठ पलीकडे न्यायची, आणि तेथे ते पुन्हा चालू करायचे. त्यांनी एका खेळाच्या सर्व्हरवर, खेळाडू खेळत असताना हा प्रयोग केला. प्रत्यक्ष थांबण्याचा काळ ६० सहस्रांश सेकंद भरला. या सोयीमुळे होस्टची डागडुजी भर दिवसा करता येते, कोणाचेही काम न थांबवता. पण येथेही पायाकडे लक्ष हवे. दोन्ही होस्टचे प्रोसेसर एका पिढीचे, निदान एकमेकांशी जुळवून घेतलेले हवेत. आणि जे यंत्र पाने पाठवण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने ती बदलीत राहते, त्याची मूठभर पाने कधी उरतच नाहीत. मोठमोठे डेटाबेस या बाबतीत हट्टी असतात.

एक होस्ट अचानक मेला, तर त्याचे पाहुणे दुसऱ्यावर आपोआप चालू व्हावेत, अशीही व्यवस्था करता येते. मात्र ‘मेला’ हे ठरवायचे कोणी? दोनच होस्ट असले आणि त्यांच्यामधील तार तुटली, तर दोघांनाही वाटते की दुसरा गेला. दोघेही तेच पाहुणे चालू करतात, दोघेही त्याच डिस्कवर लिहू लागतात, आणि सकाळपर्यंत त्या डिस्कची माती होते. म्हणून होस्ट निदान तीन असावेत, आणि ज्याच्या बाजूस बहुमत नाही त्याने स्वतः होऊन हात आवरावा, असा नियम असतो. तिसरा होस्ट परवडत नसेल, तर केवळ मत देण्यापुरता एक लहानसा साक्षीदार संगणक पुरतो. तो त्या दोन होस्टपैकी एकाच्या पोटात पाहुणा म्हणून बसविला, की सगळेच मुसळ केरात!

भिंतींचेही तसेच आहे. त्या आज्ञावलीने उभारलेल्या असतात, आणि आज्ञावलीत चुका असतात. २०१५ साली ‘व्हेनम’ या नावाने गाजलेला दोष सापडला, तो कोठे, तर आभासी फ्लॉपी डिस्क चालविणाऱ्या भागात. खऱ्या जगातून फ्लॉपी केव्हाच हद्दपार झाली होती; पण जुन्या पाहुण्यांची सोय म्हणून तिचा भास ‘क्यूएमू’ या आज्ञावलीत शिल्लक होता, आणि झेन व के. व्ही. एम. या दोन्हींच्या पुष्कळ मांडण्या तिच्यावर विसंबून होत्या. २००४ पासून तेथे पडलेल्या या चुकीतून पाहुण्याला भिंत फोडून यजमानाच्या घरात शिरता येणे शक्य होते. पाहुण्याला जे उपकरण लागत नाही ते देऊच नये, हा धडा त्यातून निघाला; जरी त्या वेळी फ्लॉपी काढून टाकलेल्या काही मांडण्यांतही तो दोष जागाच होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत घडले ते याहून साधे आणि याहून महाग. व्हीएमवेअरचे हजारो होस्ट हल्लेखोरांनी काही दिवसांत गाठले आणि त्यांवरील पाहुण्यांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या दोषातून ते शिरले असे मानले जाते, त्याची दुरुस्ती २०२१ च्या फेब्रुवारीतच, म्हणजे पुरी दोन वर्षे आधी उपलब्ध झाली होती. आणि त्या होस्टच्या व्यवस्थापनाचा दरवाजा थेट इंटरनेटवर उघडा होता. एकेका पाहुण्याला कुलपे लावणारे व्यवस्थापक वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा ठेवून झोपले होते. सुदैवाने काही ठिकाणी डिस्कच्या मोठ्या फाइली त्या गडबडीत पुरत्या बिघडल्या नव्हत्या, आणि त्यांवरून यंत्रे पुन्हा उभी करता आली.

अलीकडे वाड्याची मालकीच बदलण्याचाही अनुभव पुष्कळांनी घेतला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धत चालू केली. तेव्हा अनेक संस्था के. व्ही. एम.वर आधारलेल्या व्हिएन्नाच्या ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या मुक्त पर्यायांकडे वळून पाहू लागल्या. पाहुण्याची डिस्क एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात नेता येते. उपकरणांची नावे आणि जाळ्याचे पत्ते मात्र बदलतात, आणि तेवढ्यावरच स्थलांतराचा अर्धा वेळ जातो.

ज्यांना होस्ट बाळगण्याचा व्याप नको, ते दुसऱ्याच्या होस्टवर पाहुणे होऊन राहतात. ॲमेझॉनने २००६ साली आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तो झेनच्याच बळावर. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रे २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे उघडली. ॲमेझॉनची २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत. त्यामुळे इंदूरच्या एखाद्या व्यापाऱ्याचे हिशेबाचे यंत्र आज हैदराबादेतील कोणत्या होस्टवर आहे, हे त्यालाही सांगता येणार नाही. सांगण्याची गरजही सहसा पडत नाही.

पडते ती कधी, हे फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहराने दाखविले. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तेथील ओ. व्ही. एच. कंपनीच्या पाच मजली इमारतीला आग लागली आणि ती इमारत तिच्यातील सर्व्हरसह जळून गेली. मनुष्यहानी झाली नाही. लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्या ग्राहकांनी आपल्या बॅकअपच्या प्रती दुसऱ्या गावी ठेवल्या होत्या, त्यांची कामे पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतील काहींचे सर्व काही गेले. त्यांच्यापैकी कित्येकांनी बॅकअप घेतलेला होता, पैसेही मोजले होते. आपली प्रत कोणत्या छपराखाली आहे, एवढेच पाहिलेले नव्हते.

म्हणून जाणते व्यवस्थापक बॅकअपच्या यादीवर समाधान मानीत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा ते एक पाहुणा निवडतात, जाळ्यापासून तोडलेल्या एका निराळ्या होस्टवर त्याला बॅकअपमधून उभा करतात, आत शिरून आदल्या दिवसाची शेवटची नोंद दिसते की नाही ते पाहतात, आणि एकंदर किती वेळ लागला ते वहीत टिपतात. त्याच वहीत दुसरेही एक पान असते : सर्व होस्ट एकदम बंद पडले, तर कोणाला आधी उठवायचे. प्रथम साठवण, मग नावांवरून पत्ते सांगणारा सर्व्हर, मग ओळख पटविणारा, मग डेटाबेस, आणि सर्वांत शेवटी पगार व ई-मेल. कोणाचा पासवर्ड कोणत्या पाकिटात आहे तेही त्यातच लिहिलेले असते. ही वही कागदाची असते आणि कुलपाच्या कपाटात ठेवलेली असते. कारण पहिल्या वर्षी ती संगणकावर लिहिलेली होती, आणि ज्या डिस्कवर लिहिलेली होती ती डिस्क त्याच होस्टवरच्या एका पाहुण्याची होती.